कोळप्यांच्या शंभूची सावड

हौसराव कोळपे सकाळी सात वाजता तोंडात ब्रश घालून ओट्यावर आले, तेव्हा त्यांच्या वावराच्या कडेला पाच पिकअप उभ्या होत्या. पाचींमधून बाया उतरत होत्या. साडीवर नवऱ्याचे जुने फुलबाह्यांचे शर्ट, डोक्याला फडकी, हातात डबे. चाळीसच्या वर सहज भरल्या असत्या. हौसरावांना आधी वाटलं, वस्तीवर कुणाचं काही बरंवाईट झालं. मग त्यांच्या लक्षात आलं की बाया हसतायत.

त्या कांदा लावायला आल्या होत्या. हौसरावांचाच.

आता हौसरावांचा कांदा होता सगळा मिळून एक एकर. वाफे बांधून तयार होते हे खरं, पण रोप अजून उपटलेलं नव्हतं, आणि लागण ठरली होती चार दिवसांनी. ती पण एका टोळीची, आठ बायांची. आठ बाया एका एकराला दोन दिवस रमतगमत पुरतात. चाळीस बाया म्हणजे वावरात माणसं लावायची का कांदा, हा प्रश्न होता. त्यात मोटारीची लाईट आठला यायची होती, आणि आमच्याकडं कांदा पाण्यातच लावतात. म्हणून बायांनी आधी रोप उपटून घेतलं, आणि उरलेला वेळ चाळीसच्या चाळीस हौसरावांच्या अंगणात बसल्या. हौसरावांच्या बायकोनं, सुषमावहिनींनी, घरातली सगळी साखर चहात घातली, मग शेजारून आणून घातली. आठला लाईट आली, बाया वाफ्यात उतरल्या, आणि दहा वाजायच्या आत एकर संपला. शेवटच्या वाफ्यात तर पाणी पोचायच्या आधी बाया पोचल्या आणि कमरेवर हात ठेवून पाण्याची वाट बघत उभ्या राहिल्या.

हे ज्यानं घडवलं तो आतल्या खोलीत गोधडीत होता.

शंभू कोळपे, वय बावीस, बारावी सायन्स, पुढं कॉलेज दीड वर्ष. न्हावऱ्याच्या वस्तीवर कांदा लागणीच्या पाच टोळ्या आहेत आणि पाचींची मुकादम आक्काबाई, सगळ्यांची पाळी तिच्या डोक्यात असते. कोणाच्या वावरात उद्या कोणती टोळी, हे विचारायला माणसं आक्काबाईला जेवताना फोन करतात, आंघोळीला गेली तरी करतात. ती वैतागली होती. शंभू म्हणाला, आक्का, मी प्रोग्रॅम करून देतो, रोज संध्याकाळी ज्याला त्याला आपोआप मेसेज जाईल. केला पण पठ्ठ्यानं. आदल्या संध्याकाळी चालतो का बघायला नमुना म्हणून बापाचं शेत टाकलं, 'उद्या सकाळी सात' टाकलं आणि बटण दाबलं. नमुन्याला खोटे नंबर टाकायचे असतात ते राहिले. होते ते खरे. त्याचा स्वतःचा नंबर त्यात नव्हता, म्हणून त्याला मेसेज आला नाही. मेसेज आला नाही म्हणून त्याला वाटलं, कुठंतरी बिघाड आहे, सकाळी बघू. आणि तो झोपला.

नुसती फजिती झाली असती तर गाव चार दिवस हसून गप्प बसलं असतं. पण मध्ये सावड होती.

सावड म्हणजे, तुम्ही एक दिवस माझ्या वावरात या, मी एक दिवस तुमच्या वावरात येतो. पैशाचा संबंध नाही. आलेल्या माणसाचा दिवस फेडायचाच असतो. नाही फेडला तर पुढच्या साली तुमच्या बांधावर कुत्रं येत नाही. वस्तीवरची सगळी लागण सावडीवर चालते, आणि त्या सकाळी हौसरावांकडं चाळीस बाया राबल्या होत्या.

हौसराव म्हणाले, दोन तासांत काम झालं, तर अर्धा अर्धा दिवस धरू. आक्काबाई चूळ भरत होती. तिनं चूळ टाकली आणि निकाल दिला.

"बाई घरातनं निघाली की दिवस लागला. दोन तासात संपवलं ही आमची हुशारी, तुमची न्हाई."

आक्काबाईचा निकाल वस्तीवर शेवटचा असतो. हौसरावांनी आतल्या खोलीकडं बघितलं. तोपर्यंत शंभू दारात आला होता आणि एवढ्या बाया बघून परत जायचा विचार करत होता.

"फेडायचं ते ह्याच्या अंगानं," हौसराव म्हणाले. "माझा ट्रॅक्टर दोन टोळ्यांकडं जाईल, तेवढं माझं. बाकीचं ह्यानं वाकून फेडायचं."

सुषमावहिनींनी लगेच सांगून टाकलं की बटण त्यांनी दाबलेलं नाही.

*

हौसरावांचा राग कांद्याचा नव्हता. तो वर्षभराचा होता, त्या दिवशी त्याला जागा मिळाली इतकंच.

शंभूचा आजा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. हौसराव घरातले पहिले, जे चार महिने एका जागी राहून शाळेत बसले. पुढं ते रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत कंत्राटी लागले आणि नऊ वर्षं राहिले. मशीन त्यांना पाठ होतं. दर साली डिग्रीवाली नवी पोरं यायची, हौसराव त्यांना मशीन शिकवायचे, आणि साल उलटलं की तीच पोरं हौसरावांची हजेरी लिहायची. हौसराव त्या पोरांना नावं ठेवत नाहीत. पोरं चांगली होती म्हणतात. फक्त गेटवर त्यांना कुणी थांबवायचं नाही, आणि हौसरावांना रोज थांबवायचे. तेवढं एक त्यांच्या डोक्यात बसलं. शंभूला बारावीनंतर त्यांनी दौंडला कॉम्प्युटरच्या डिग्रीला घातला आणि पाटसला मामाकडं ठेवला.

इकडं शंभूची गोष्ट वेगळी होती. अकरावीपासून तो मोबाइलवर व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकत होता. कॉलेजात पहिल्या वर्षी जे शिकवलं ते त्याला येत होतं. प्रॅक्टिकलला त्याचं दहा मिनिटांत व्हायचं, मग तो शेजारच्या चौघांचं करून द्यायचा. दुसऱ्या वर्षाच्या निम्म्यात त्यानं हिशोब मांडला: दीड वर्षात शिकवलं ते सगळं मला येतंय, म्हणजे पुढचं दीड वर्ष शिकवतील ते पण येत असणार. आणि त्यानं दौंडची एसटी धरायचं सोडलं. मामाला तीन आठवडे पत्ता नव्हता, कारण शंभू रोज डबा घेऊन वेळेवर निघायचा आणि कारखान्याच्या रस्त्याला एका झाडाखाली बसून काम करायचा.

या हिशोबात एक चूक होती. ती कळायला कांद्याची एक लागण जावी लागली.

गावात या प्रकरणाचे दोन तट पडले होते. न्हावरे फाट्यावर पोपटचं मोबाइलचं दुकान आहे. पोपट बी.ए. आहे आणि दिवसभर स्क्रीनगार्ड चिकटवतो. डिग्रीच्या विरुद्ध बोलणारे पोपटकडं बोट दाखवायचे. डिग्रीच्या बाजूचे म्हणायचे, पोपटनं भूगोल केला, स्क्रीनगार्ड भूगोलात नसतो. पोपट स्वतः कोणत्याच तटात नव्हता. तो म्हणायचा, मला कॉलेजात बायको भेटली, माझे पैसे वसूल आहेत.

त्या सकाळी बाया गेल्यावर हौसरावांनी शंभूला समोर बसवलं. ओरडले नाहीत. त्यांनी सौदा ठेवला. महाशिवरात्रीपर्यंत लागणी चालतात. तोवर टोळ्या शंभूच्या प्रोग्रॅमवर बिनभांडणाच्या चालल्या, कुणाच्या बांधावर चुकीची गाडी गेली नाही, तर कॉलेजचं नाव ह्या घरात परत निघणार नाही. आणि एक जरी गाडी चुकली, तर जूनमध्ये मुकाट्यानं दौंडला जायचं, आणि डिग्री हातात पडेपर्यंत लॅपटॉपला हात लावायचा तो फक्त अभ्यासाला.

"आजची धरायची का, आण्णा?" शंभूनं विचारलं.

"आजची सोडली," हौसराव म्हणाले. "आजची तुझ्या आईनं चहात फेडली."

*

मग शंभू सावड फेडायला लागला. पहाटे थंडीत पिकअपमध्ये बायांच्या मध्ये बसायचा, गार पाण्याच्या वाफ्यात उतरायचा आणि वाकायचा. कांदा लावायला अक्कल लागत नाही असं त्याला वाटायचं, ते पहिल्या दिवशी दुपारपर्यंत गेलं. त्याची ओळ नांगराच्या वळणासारखी जायची. बाया म्हणायच्या, कॉम्प्युटरनं लावलेला कांदा लांबून ओळखू येतो. एका म्हातारीनं तर त्याच्या मागं जाऊन त्याची रोपं उपटून परत लावली, आणि संध्याकाळी आक्काबाईला सांगितलं, ह्याचा अर्धा दिवस मला धर.

पण वाफ्यात वाकल्यावर कान मोकळे असतात. शंभूच्या कानावर जे पडलं ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं. लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात त्या शेतात लागण टाकायचीच नाही. रोप उपटल्यावर दुसऱ्या दिवशी लागलंच पाहिजे. शिरूरच्या बाजाराच्या दिवशी दोन टोळ्या अर्ध्या येतात. आणि ताईबाईची टोळी नि तिच्या नणंदेची टोळी एका बांधाला लागून द्यायची नाही, कारण चार सालापाठीमागं एका लग्नात पंगतीवरून काहीतरी झालं होतं. काय झालं होतं ते दोघींना पण नीट सांगता येत नव्हतं, पण बांध लागला की आठवायचं.

हे सगळं संध्याकाळी घरी येऊन, कंबर धरून, शंभू प्रोग्रॅममध्ये घालायचा. ताईबाईची पंगत कोडमध्ये कशी घातली हे त्यानं पोपटला अर्धा तास समजावून सांगितलं. प्रोग्रॅममध्ये ज्याच्याकडं ज्याचा दिवस बाकी, त्याच्या नावापुढं लाल ठिपका यायचा. सुरुवातीला शंभूच्या नावापुढं गोवर आल्यासारखं दिसायचं. एकेक ठिपका जायला लागला.

आणि प्रोग्रॅम चालायला लागला. संध्याकाळी सहाला मेसेज, सकाळी सातला गाडी बरोबर बांधावर. बाया त्याला 'शंभ्याचं' म्हणायच्या. उद्या कुठं जायचं, तर शंभ्याचं काय म्हणतंय बघ. आक्काबाई आता सुखानं जेवायला लागली. ती तिच्या सोयीनं एखादा दिवस इकडचा तिकडं करायची, ते आता करता येईना, म्हणून थोडी कुरकुरली. पण फोन बंद झाले हा फायदा मोठा होता.

चांगल्या गोष्टीची खबर एसटीच्या पुढं धावते. जानेवारी संपता संपता कवठे येमाईच्या टोळ्या आल्या, मधल्या वस्त्यांवरच्या आल्या. पाचाच्या आठ झाल्या, आठाच्या बारा. आणि बारा झाल्या त्या संध्याकाळी शंभ्याचं काहीच म्हणेना.

शंभूनं बटण दाबलं. गोल चक्कर फिरायला लागली. सात वाजले, फिरतीये. आठ वाजले, फिरतीये. शेवटी त्यानं आणि आक्काबाईनं हातानं जमवून फोन केले, ती वेळ निभली. पण रोज असं चालणार नव्हतं. शंभूनं दोन दिवस डोकं लावलं. कारण त्याला सापडलं, उपाय सापडेना. त्याचा प्रोग्रॅम भोळा होता. टोळ्या आणि शेतं यांच्या होतील तेवढ्या सगळ्या जोड्या लावून बघायचा आणि त्यातली चांगली निवडायचा. पाच टोळ्यांना अशा एकशे वीस मांडण्या होतात. बारा टोळ्यांना होतात जवळजवळ अठ्ठेचाळीस कोटी. आणि प्रत्येक मांडणीला तो बिचारा लाईट, बाजार आणि ताईबाई तपासत होता.

महाशिवरात्रीला दहा दिवस राहिले होते. हौसराव रोज संध्याकाळी सहाला ओट्यावर येऊन बसत होते.

*

रविवारी शंभू मोटरसायकल काढून पाटसला गेला. मामाला भेटायला जातो म्हणाला. गेला तो मामाच्या शेजारी, शितोळ्यांच्या मोनिकाकडं. मोनिका त्याची कॉलेजातली वर्गमैत्रीण. पहिल्या वर्षी तिची प्रॅक्टिकलं पण त्यानंच करून दिली होती. शंभूनं कॉलेज सोडलं तेव्हा ती म्हणाली होती, जाशील तिथं सुखी राहा, पण आता माझं कोण करणार. मग तिचं तिनंच केलं आणि आता शेवटच्या वर्षाला होती. ती गच्चीवर पुस्तक घेऊन बसली होती. खाली हायवेनं उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं चालल्या होत्या.

शंभूनं सगळं सांगितलं. बारा टोळ्या, बारा शेतं, कुणाला कुठलं लांब, कुणाला कुठलं जवळ, कुणाला कुठलं अजिबात द्यायचं नाही. मोनिका मध्येच हसायला लागली.

"काय झालं?"

"अरे, हे मी परीक्षेत केलंय. हातानं. आठ मार्काला."

शंभूला वाटलं ती चेष्टा करतीये. ती आत गेली, खडू घेऊन आली, आणि गच्चीच्या फरशीवर चार टोळ्या आडव्या, चार शेतं उभी असा तक्ता काढला. प्रत्येक घरात टोळीपासून शेताचं अंतर लिहिलं. द्यायचंच नाही तिथं भलामोठा आकडा लिहिला, म्हणजे तिकडं कुणी फिरकणार नाही. मग म्हणाली, आडव्या ओळीतला सगळ्यात लहान आकडा त्या ओळीतल्या सगळ्यांतून वजा कर. तसंच उभ्या ओळींचं कर. आता शून्यं कुठं आली बघ. प्रत्येक टोळीला एक आणि प्रत्येक शेताला एक असं शून्य मिळालं, की ती तुझी उद्याची सकाळ. नाही मिळालं तर पुढं अजून एक पायरी आहे, ती पण सांगते. अठ्ठेचाळीस कोटी मांडण्यांकडं बघायचंच नाही.

शंभू फरशीवर उकिडवा बसला. वाफ्यात बसतात तसा. त्यानं चार शून्यांकडं बराच वेळ बघितलं. मग एक शेत बदलून परत केलं. परत आलं.

"हे कवा शिकवलं?"

"तू एसटी सोडलीस ना, त्याच्या पुढच्याच सेमिस्टरला." मोनिकानं खडू झटकला. "पण खरं सांगू का, आम्हाला त्यात मशीन आन् कामगार होते. मला वाटायचं हे नुसतं मार्कांसाठी हाय. हे कुणाला खरंच लागतं, ते आज कळलं."

म्हणजे बघा, एकाकडं दीड महिना कमरेत भरलेला प्रश्न होता, आणि एकीकडं आठ मार्कांचं उत्तर होतं, आणि दोघांच्या मध्ये सोडलेली एक एसटी होती. परत येताना चौफुल्यावर शंभू चहाला थांबला आणि चहा प्यायचा विसरला. त्याला वाईट वाटत होतं का, तर नाही. त्याला फार भारी वाटत होतं. जगात अशी गोष्ट आहे आणि ती आपल्याला माहीत नव्हती, ह्याच्याइतका आनंद त्याला अकरावीत पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हाच झाला होता. त्या दिवशी त्यानं मेंढरं मोजणारा प्रोग्रॅम केला होता, घरात मेंढरं नसताना.

दोन दिवसांत त्यानं नवी पद्धत बसवली. या खेपेला नमुन्याचे नंबर खोटे टाकले. तिघांना विचारून खात्री केली की खोटेच आहेत.

*

महाशिवरात्रीला तीन दिवस राहिले, आणि दुपारी चारला बातमी आली की वरच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर गेला. अर्ध्या शेतांची दिवसाची लाईट रात्रीवर गेली आणि रात्रीची दिवसावर आली. उद्याची मांडणी पार उलटीपालटी झाली. हे नेमकं शेवटच्या गर्दीत. बाराच्या बारा टोळ्या उद्या वावरात उतरणार होत्या, निम्म्या ठिकाणी रोप उपटून पडलं होतं. आक्काबाईचा फोन आला. कवठ्याचा आला. तिसऱ्या फोनला शंभूनं सांगितलं, सहाला मेसेज येईल, तोवर कुणी काही ठरवू नका.

त्यानं नव्या लाईटीच्या वेळा घातल्या. उपटलेलं रोप आधी, असं सांगितलं. बाजार, ताईबाई, सगळं होतंच. हौसराव ओट्यावरून उठून आत आले आणि त्याच्या मागं उभे राहिले.

"नंबर खोटे हायती का खरे?"

"खरे."

"मग दाब की."

शंभूनं बटण दाबलं. गोल चक्कर दिसायच्या आत मांडणी समोर आली. इतक्या लवकर आली की त्याला विश्वास बसेना. त्यानं चार शेतं डोक्यानं तपासली, बरोबर होती. मग त्यानं दुसरं बटण दाबलं, पाठवायचं. त्या पहिल्या संध्याकाळी दाबलेलं तेच.

सकाळी सातला तो कालव्याच्या भरावावर जाऊन उभा राहिला. तिथून अर्धी शिवारं दिसतात. धुकं होतं. आधी आवाज आले, मग पिकअपचे दिवे. एक खाली वळली. दुसरी ओढ्याकडं गेली. ताईबाईची गाडी एका टोकाला, तिच्या नणंदेची दुसऱ्या टोकाला, मधे पूर्ण गाव. मग एक गाडी सरळ कोळपे वस्तीच्या रस्त्याला लागली.

 त्यांची लागण तर कधीच झाली होती. गाडी पुढं आली, त्यांच्या घराच्या वळणापर्यंत आली, हळू झाली. शंभू भरावावरून उतरून पळायला लागला. अन् गाडी वळणावरून सरळ पुढं गेली, शेजारच्या कोंडिबाच्या बांधाला, जिथं कोंडिबा उपटलेल्या रोपाचे ढीग लावून कधीपासून वाट बघत उभा होता. ड्रायव्हरनं फक्त वळणावरच्या कुत्र्यासाठी ब्रेक मारला होता.

शंभू घरी पोचला तेव्हा सुषमावहिनी चुलीपुढं होत्या. समोर लग्नाचं मोठं पातेलं होतं आणि त्यात चहा उकळत होता. म्हटलं काय सांगावं, त्या म्हणाल्या, तयारी असावी. आणि मग थोड्या फणकाऱ्यानं म्हणाल्या, "एक बाई फिरकली न्हाई."

त्या दिवशी बारा टोळ्यांची बारा शेतं दिवे लागायच्या आत संपली. कुणाचं रोप वाळलं नाही, कुणी कुणाच्या बांधावर गेलं नाही. कवठ्याच्या बायांनी मेसेज पाठवला की शंभूला सांगा, शंभ्याचं बरोबर म्हणालं. मोनिकानं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आठपैकी किती देतोस. उरलेले दोन दिवस पण तसेच गेले. महाशिवरात्रीच्या सकाळी हौसराव दाढी करून, धुतलेला शर्ट घालून फाट्यावर गेले. त्यांना फाट्यावर काहीच काम नव्हतं. पोपटच्या दुकानात बसले, चहा मागवला, आणि कुणी विचारायच्या आधीच सांगायला लागले. बाराच्या बारा टोळ्या. अर्धी लाईट उलटी झालेली. मिनिटात मांडणी. पोपट म्हणाला, दोन तास बसले होते, प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्यापासून सांगत होते. एकाला तर त्यांनी आठ मार्कांचा तक्ता पण काढून दाखवला, शून्यं चुकली ती वेगळी गोष्ट.

संध्याकाळी ओट्यावर ते शंभूला म्हणाले, "जिंकलास. कॉलेजचं नाव काढणार न्हाई."

शंभूनं मांडीवरचा लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, आण्णा, जूनमध्ये जावं म्हणतोय.

हौसरावांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "कुठं?"

"दौंडला. राहिलेलं दीड वर्ष."

"आरं मग हा एवढा ताप कशाला दिलास? मी हेच म्हणत हुतो की सालभर."

"तुम्ही कागदासाठी म्हणत होता," शंभू म्हणाला. "मला पुढच्या धड्यात काय हाय ते बघायचंय."

हौसरावांनी यावर विचार केला. त्यांना त्यातलं सगळं पटलं नाही. ते म्हणाले, ते बघ बाबा काय बघायचं ते, पण येताना कागद घेऊन ये. दोघांची एवढ्यावर तडजोड झाली.

आता गावात उगाच असं पसरायला नको की प्रत्येकानं पळत जाऊन कॉलेज गाठावं. शंभू काही शहाणा मुलगा झालेला नाही. जूनमध्ये तो दौंडला गेला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याला येत असलेल्या विषयाच्या तासाला मागच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसला. ते आजही सुटलेलं नाही. पण ज्या विषयाचं नाव त्यानं ऐकलेलं नसतं, त्या तासाला तो पहिल्या बाकावर असतो, आणि मास्तरांना विचारतो, सर, हे कशाला लागतं. मास्तर आधी चिडायचे. आता ते घरून विचार करून येतात. मोनिकाची डिग्री झाली. पाटसच्या बाजूचे ऊसतोडीचे दोन मुकादम 'शंभ्याचं' मागायला आले, तेव्हा तिनं त्यांच्याशी बोलणं केलं, कारण शंभू नको तिथं खरं बोलतो. दोघं मिळून आता तेच करतायत. पोरगा शिकतोय आणि धंदा पण करतोय, आणि हौसराव दोन्हीचं श्रेय घेतात.

एक राहिलं. शंभूच्या नावापुढचे सगळे लाल ठिपके गेले होते, एक सोडून. तो आक्काबाईचा. तिच्या वावराची लागण शंभू पाटसला होता त्या रविवारी झाली होती, त्यामुळं तिचा दिवस तसाच राहिला. दौंडला जायच्या आदल्या दिवशी शंभू तिच्याकडं गेला. म्हणाला, आक्का, खुरपणीला येतो, भुईमूग काढायला येतो, सांगशील ते करतो, तुझा दिवस फेडून जातो.

आक्काबाई सुपात शेंगा निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"आत्ता नको. आत्ता तू बारावी हायेस."

"म्हंजी?"

"बारावीवाले गडी मला रोज मिळतात. मला एकदा डिग्रीवाला गडी वाफ्यात लावायचाय. कागद घेऊन ये, मग कांद्याला बोलावते." आणि मग सूप पाखडत म्हणाली, "आन् तवा ओळ सरळ पाहिजे."

शंभूनं त्या लाल ठिपक्यासाठी आत्ताच अर्धा दिवस धरायची विनंती करून बघितली. आक्काबाईनं त्याला मूठभर शेंगा दिल्या आणि वाटेला लावलं.

ठिपका अजून तसाच आहे. सावडीची शेकडो माणसं आता त्या प्रोग्रॅमवर आहेत, आणि त्यात ज्यानं तो केला त्याच्याच नावापुढं लाल दिसतं. मोनिका म्हणते, गिऱ्हाइकांसमोर बरं दिसत नाही, काढून टाक, दोन ओळींचं काम आहे. शंभू म्हणतो, काढता येत नाही. येतं. पण तो काढत नाही.